गाडी किती उंच करायची

१२ जानेवारी

बारक्या,

फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस ना, मग आता पत्र घे. हे मधेच कापता येत नाही. खाणीच्या कॅम्पचा पत्ता तुझ्या जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला. मी तुला लिहितेय हे तुझ्या दादाला माहीत नाही आणि तूही त्यांना कळू द्यायचं नाही. अर्थात तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही म्हटल्यावर ती काळजी नाहीच म्हणा.

इकडे सगळं ठीक आहे. चष्म्याच्या दुकानात माझं नेहमीचंच, दिवसभर लोकांना 'आता स्पष्ट दिसतं का?' विचारायचं. हे दिवसभर मागच्या शेडमध्ये. गाडी चारही चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. बॉनेट भिंतीला टेकवलंय, सीटा माझ्या कपडे वाळत घालायच्या जागेवर. कोपऱ्यावरचा वेल्डर रोज येतो. तोच तो, तू ज्याचं नाव ठिणगी ठेवलंस. आता त्याची बायकोही त्याला ठिणगी म्हणते.

तू गेलास त्या दिवशीचं भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं. भांडी आपटून मी मधे पडायचा प्रयत्न केला, पण तुमचं लक्ष नव्हतं. तू म्हणालास, "दादा, एकतीस इंची टायर लाव, गाडी दोन इंच उचल, पुढे दोराने ओढणारा विंच बसव. झालं. नदीवरच्या त्या ठाण्यापर्यंत जायला एवढं पुष्कळ आहे." हे म्हणाले, "जायला पुष्कळ आहे. परत यायला नाही." मग तू विचारलंस, रणगाडा करणार आहेस का? आणि मग डेपोची नोकरी काढलीस. चांगली फोरमनची नोकरी एका खेळण्यापायी सोडली, म्हणालास. तिथपर्यंतही चाललं असतं. जाता जाता म्हणालास, "एवढंच असेल तर चालत जा ना वर. पाय धड आहेत की." त्यावर हे काही बोलले नाहीत. तुला वाटलं, निरुत्तर झाले.

मी ते ठाणं एकदाच पाहिलंय, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हा तुमचे बाबा तिथे नदीच्या पाण्याची उंची मोजायला होते. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे दगडी पायऱ्या, आणि तू शाळेची पिशवी पाठीला लावून पायऱ्यांवरून उड्या मारणारा. तेव्हा रस्ता होता. दरड कोसळून तो गेला आणि ठाणंच बंद झालं. आता वर कोणी जात नाही. मी यांना एकदा विचारलं, काय आहे हो तिथे? म्हणाले, "काही नाही. पायरीवर बसायचंय जरा वेळ."

मला गाडीतलं काही कळत नाही. पण हे थांबत नाहीत एवढं कळतं. आता तेहतीसचे टायर आणायचं चाललंय. हल्ली त्यांच्या हातातून नट आवळायचे पाने फार निसटतात, थंडी आहे. मला फक्त लिहून पाठव, कुठं थांबायचं ते. त्यांना नको, मला. तुझं ते ऐकत नाहीत, माझं ऐकतील असं मला अजून वाटतं.

तुझी वहिनी


९ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर मिळालं. पानभर मापं आणि खाली सहीसुद्धा नाही. मायना 'वहिनी' असा घातलास हे उपकारच.

तू लिहिलेलं सगळं मी एका कोऱ्या कागदावर माझ्या अक्षरात उतरवलं आणि यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, दुकानात एक गिऱ्हाईक मासिक विसरून गेलं, त्यात आपल्यासारख्याच गाडीबद्दल आलं होतं, म्हणून लिहून घेतलं. यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाले, "आपल्या गाडीच्या चासीला मागे डाव्या अंगाला तडा आहे, तो मासिकवाल्याला कसा माहीत?"

मी काय बोलणार? भाजी करपतेय म्हणून आत गेले.

थोड्या वेळाने आले आणि दारात उभं राहून विचारलं, "नीट जेवतो का तो?"

"कोण?"

"मासिकवाला."

मी म्हटलं, जेवतो असं दिसतंय, अक्षर जाड आहे. कागद घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात घातला. मला वाटलं, जिंकलो आपण. दुसऱ्या दिवशी तेहतीसचे टायर दारात.

बारक्या, या गाडीचं मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, आणि जे कळतंय त्याने धास्तीच वाटते. टायर मोठे केले की ते वरच्या पत्र्याला घासतात, म्हणून गाडी उचलायची. उचलली की चाकं फिरवणारा खालचा शाफ्ट तिरका होतो आणि त्याचे जॉइंट झिजतात, म्हणून शाफ्ट बदलायचा. मोठं चाक इंजिनाला ओढवत नाही, म्हणून मागच्या चाकांमधलं डिफरन्स उघडून आतले दाते बदलायचे. एवढं जड चाक फिरायला लागल्यावर थांबायचं कसं, म्हणून ब्रेक. पुढे विंच बसवला की नाक खाली जातं, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे आणखी कडक. एक केलं की ते दुसरं मागतं. मी यांना विचारलं, "याला शेवट आहे का?" तर म्हणाले, "आहे ना. कुणीतरी बस्स म्हणेपर्यंत."

मी म्हटलं, "बस्स."

ते हसले. माझ्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "हा धर. डावीकडे पीळ."

हल्ली असंच चालतं. नट मी फिरवते, हे बाजूला स्टुलावर बसून सांगतात. माझ्या नखांतला काळा रंग निघत नाही. परवा एका बाईंना चष्मा लावून बघताना त्या माझ्या बोटांकडेच बघत होत्या. यांची बोटं थंडीने आखडतात. सकाळी शर्टाची बटणंही मीच लावते. आता थंडी सरत आलीय, म्हणजे बरं वाटेल.

जेवत जा.

तुझी वहिनी


२० मार्च

बारक्या,

थंडी सरली.

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं. यांनी मला शपथ घातली होती की बारक्याला कळता कामा नये. कळलं तर तो सगळं टाकून येईल आणि माझ्याकडे बघत बसेल, मला बघे नकोत, असं म्हणाले होते. मी इतके महिने तोंड शिवून बसले. पण तुझं ते पायांचं वाक्य तुझ्या मनात तसंच राहू देणं मला आता जमत नाही. आणि मला एकटीला हे पेलतही नाही, हे खरं कारण.

त्यांना मज्जातंतूंचा आजार आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि हुकूम मिळाला नाही की स्नायू वाळतात. आधी बोटं गेली, मग पाय अडखळायला लागले. पुढे काय काय जाणार ते डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय, मी ते लिहीत नाही.

डेपोची नोकरी त्यांनी गाडीसाठी सोडली नाही. एका बसच्या चाकाचे नट त्यांनी स्वतः आवळले आणि बस बाहेर पडायच्या आधी दुसऱ्या फिटरने सहज हात लावून पाहिला तर नट सैल. कुणी काही बोललं नाही. यांनी मात्र त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. घरी येऊन मला म्हणाले, "आवळला असं मला वाटलं गं. पूर्ण आवळला असं वाटलं." तू भांडलास तेव्हा हे सगळं झालेलं होतं, आणि तू पाय धड आहेत म्हणालास तेव्हा ते भिंतीचा आधार घेऊन उभे होते. तुला ते दिसलं नाही, कारण त्यांनी दिसू दिलं नाही. तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात पुन्हा दाखवायला गेलो होतो. डॉक्टरीण बाई तरुण आहेत. माझ्याकडे न बघता टेबलाशीच बोलतात. मी विचारलं, "यावर औषध?"

"वेग थोडा कमी करणारी गोळी चालू आहे."

"आणि थांबवणारी?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "नाही."

हे एकदम म्हणाले, "डॉक्टर, मान कधीपर्यंत टिकेल?"

"मान? का?"

"गाडीने जायचंय एके ठिकाणी. दगडधोंड्यांतून."

बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाल्या, "जायचं असेल तर लवकर जाऊन या."

आम्ही घरी आलो. मला वाटलं, आता तरी हे म्हणतील की चाकं लावा, निघू. तर संध्याकाळी ठिणगीला बोलावून सांगितलं, तेहतीस काढ, पस्तीस आण. गाडी आणखी उचल. ठिणगी माझ्याकडे बघतो, मी ठिणगीकडे. तो गेल्यावर मी चिडले. म्हटलं, "अहो, त्यांनी लवकर जा म्हणून सांगितलं ना?"

"जायचंच आहे. एवढं पुढचं डिफरन्स झालं की."

"मग?"

"मग ब्रेक."

"आणि मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मग काय ते मला माहीत आहे. म्हणून तर विचारू नकोस."

आता कळलं का तुला? तुला वाटतंय त्यांना हाव सुटलीय. मलाही आधी तसंच वाटायचं. पण काम आहे तोवर दिवस आहे, रोज सकाळी ठिणगी येतो, आज काय करायचं ते ठरतं. काम संपलं की निघावं लागणार, आणि जाऊन आलं की पुढे करण्यासारखं काही उरणार नाही. गाडी पुरी होणं हे त्यांना नकोय, आणि ती पुरी झाल्याशिवाय वर जाता येत नाही. मी 'बस्स' म्हटलं तर त्यांच्या हातातलं शेवटचं काम काढून घेतल्यासारखं होतं. 'बस्स' म्हटलं नाही, तर तोवर आजार थांबत नाही, पाय जात राहतात. तूच सांग, मी काय करू? खरं म्हणजे सांगू नकोस. तुलाही ते सांगता येणार नाही.

वहिनी


२ मे

बारक्या,

तुझं पत्र नाही. परवा दुपारी फोन वाजला, उचलला तर पलीकडे नुसती यंत्रांची घरघर. मी दोनदा 'हॅलो' म्हटलं. तूच होतास. बोलायला तोंड उघडत नसेल तर राहू दे, पण फोन करून गप्प राहू नकोस. हे समोरच बसले होते. "कोण होतं?" विचारलं. मी राँग नंबर म्हटलं. तर म्हणाले, "राँग नंबराशी एवढा वेळ?"

गाडी शेडबाहेर काढली, ते सांगायला लिहितेय.

सगळं जोडून झालं होतं. पस्तीसचे टायर, सहा इंच उंची, वर लोखंडी पाइपांचा पिंजरा. ठिणगीने इंजिन सुरू केलं आणि गाडी दाराशी आणली, तर पिंजरा वरच्या चौकटीला अडला. शेडपेक्षा गाडी उंच. घडवली आत आणि आता बाहेर निघेना. ठिणगी डोक्याला हात लावून बसला. हे मात्र कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. म्हणाले, "टायरांतली हवा सोड." हवा सोडली तशी गाडी बसल्यासारखी झाली आणि केसभर अंतराने बाहेर आली. गल्लीतले लोक जमले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. उन्हात गाडी खरोखर देखणी दिसत होती, मी उगाच नाही म्हणत.

मग पुन्हा हवा भरली. हे काठी टेकत टेकत दारापाशी गेले.

बारक्या, सीट त्यांच्या छातीला लागत होती. त्यांनी काठी मला दिली. एक हात पिंजऱ्याच्या पाइपावर ठेवला, बोटं वळेनात म्हणून मनगट अडकवलं. पाय उचलला. तो खालच्या लोखंडी पायरीपर्यंतही गेला नाही. पुन्हा उचलला. मग तसेच उभे राहिले, मनगट पाइपात अडकवून, आपण बसमध्ये उभे राहतो तसे. ठिणगी वाकून टायर बघायला लागला, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जमलेल्या लोकांतला एकेक जण काहीतरी काम आठवल्यासारखा निघून गेला. मी आतून स्टूल आणायला वळले, तर म्हणाले, "नको. स्टुलाने होणार नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो मासिकवाल्याचा कागद कुठे आहे?"

त्यांच्याच खिशात होता. धुण्यात जाऊन मऊ झालेला. मी तो काढून ठिणगीला दिला.

"हे माप," हे त्याला म्हणाले. "एकतीस, दोन इंच. पिंजरा काप. जुने पाटे माळ्यावर आहेत, ते लाव. मऊ आहेत."

ठिणगी म्हणाला, "दादा, सगळं उतरवायचं?"

"सगळं. बारक्या म्हणाला होता तेवढंच ठेव."

तुझं नाव वर्षभरात पहिल्यांदा घेतलं त्यांनी. ते तुला कळावं म्हणून लिहिलं. आता ये म्हणायला मला तोंड नाही, तुला यायला पाय नाहीत, असं झालंय आपलं. तरी म्हणते. गाडी चालवायला तू ये.

वहिनी


२८ मे

बारक्या,

तुझं पार्सल मिळालं. लाकडी खोका बघून मला वाटलं कसलं तरी यंत्र. ठिणगीने फळ्या उचकटल्या तर आत सीट. खाली हवेचा फुगा असलेली, खाणीतल्या डंपरवाल्यांना देतात ती. चिठ्ठी नाही, काही नाही. हे खुर्चीतूनच तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "याने धक्का निम्मा होतो. शिकलाय." मग ठिणगीला म्हणाले, "ड्रायव्हरच्या बाजूला नको. शेजारी बसव." म्हणजे आपण चालवणार नाही, हे त्यांनी असं सांगितलं.

सोबत तू यायला हवं होतंस. ठिणगी सांगत होता की तुझा त्याला फोन आला होता, रजा मिळत नाही म्हणालास. मिळत नसेल. मी त्यावर काही बोलत नाही.

आम्ही सोमवारी गेलो. पाऊस सुरू झाला की नदीचं पात्र ओलांडता येत नाही, म्हणून थांबणं शक्य नव्हतं. ठिणगी चालवायला, हे तुझ्या सीटवर, मी त्यांच्या मागे. मानेला पट्टा लावला होता, छातीला दोन पट्टे. टायरांतली हवा कमी केली, म्हणजे दगड कमी लागतात. डांबरी रस्ता संपेपर्यंत हे मजेत होते. बोलणं आता जड झालंय, शब्द तोंडात घोळतात, पण मला समजतात. ठिणगीला गाडी कुठून घ्यायची ते हनुवटीने दाखवत होते.

नंतर दरडीचा भाग लागला. तू ओळखणार नाहीस आता. रस्ता होता तिथे मोठाल्या धोंड्यांचा उतार आहे. ठिणगी हळू, अगदी गोगलगायीसारखा चढवत होता आणि गाडी चढत होती. एक चाक हवेत, तीन जमिनीवर, तरी चढत होती. कुठे अडली नाही, कुठे घसरली नाही. विंचला हातही लावावा लागला नाही. तुझं माप बरोबर होतं.

पण दर धोंड्यागणिक त्यांची मान एकदा इकडे जायची, एकदा तिकडे. पट्टा होता, तुझी सीट होती, तरी. मी मागून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. एखादं भरलेलं मडकं धरावं तसं. थोड्या वेळाने माझे हात भरून आले, पण सोडायची सोय नव्हती. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त कानाखालची शीर दिसत होती, ती तट्ट फुगायची. आवाज मात्र काढला नाही त्यांनी. मी "दुखतंय का?", "थांबायचं का?" विचारत राहिले.

जुन्या पुलाचे खांब आहेत तिथे आलो. तिथून पात्र ओलांडायचं, आणि पलीकडच्या चढावर ठाणं. ते दिसत नाही तिथून, डोंगराचं नाक आडवं येतं. ठिणगीने गाडी उभी केली, उतरून पुढे जाऊन पाणी बघून आला. पाणी गुडघ्याखालीच होतं. तो म्हणाला, "जाईल. गाडीला काही झालेलं नाही. पलीकडचा चढ इथल्यापेक्षा वाईट आहे, पण जाईल."

मग तो बसला, गिअरवर हात ठेवला आणि वाट बघत राहिला. इतके महिने तो प्रत्येक गोष्ट यांना विचारत आलाय. हा नट कुठला, इथे किती जाड पत्रा, सगळं. या वेळी त्याने यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला.

मी वाकून पुढे झाले. त्यांचे डोळे समोर पलीकडच्या चढावर लागलेले. ओठ चावलेला, तिथे थोडं रक्त. मी म्हटलं, "अहो, सांगा ना. जाऊ या की परत फिरू या? तुम्ही म्हणाल तसं."

ते बोलले नाहीत. बोलता येत होतं, सकाळपासून बोलत होते. पण बोलले नाहीत. थांब म्हणायचं त्यांच्याने होईना आणि चल म्हणायला मान तयार नव्हती, असं मला वाटलं. मला वाटलं, एवढंच. आत काय होतं ते मला अजून माहीत नाही.

मी हातात त्यांचं डोकं धरलं होतं.

मी म्हटलं, "वळव."

ठिणगीने लगेच गिअर टाकला नाही. कदाचित हे काही म्हणतील म्हणून थांबला असेल. मग त्याने गाडी मागे घेतली आणि वळवली. पाण्याचा आवाज कितीतरी वेळ मागून येत होता.

उतार संपल्यावर एका सपाट जागी थांबलो. मी त्यांच्या तोंडाला पाणी लावलं आणि विचारलं, "माझं चुकलं का?" त्यांनी डोळे मिटले. ते उत्तर होतं की दमले होते, मला कळलं नाही. घरी येईपर्यंत उघडले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी ठाण्याचा विषय काढलेला नाही. शेडमध्येही गेले नाहीत. ठिणगी सकाळी येतो, चहा घेतो, बसतो आणि जातो. त्याला करायला काही उरलेलं नाही, मलाही नाही. लोक दुकानात येतात, मी काचा बदलत राहते. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, आता स्पष्ट दिसतं का? ते म्हणाले, "नाही हो ताई. पण राहू द्या, एवढंच दिसणार." मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसले.

वहिनी


११ जुलै

बारक्या,

पत्र मिळालं. शेवटी चार ओळी लिहिल्यास. रजा मंजूर झाली, येतोस, दादाला पाठीवर घेईन पण वर नेईन, असं लिहिलंयस.

पाठीवर वगैरे काही बोलायचं नाही. त्यांच्यासमोर तर नाहीच. तुला वाटेल, वहिनी मोडता घालतेय. अरे, तू त्यांना उचलशील, मला माहीत आहे. त्यांचं आता वजन तरी काय राहिलंय. पण त्यांना उचलल्यावर कुठे धरायचं हे तुला माहीत नाही, आणि ते शिकता शिकता तुझी रजा संपेल. शिवाय इकडे पाऊस लागलाय. पात्र भरलंय. जायचं म्हटलं तरी कोणी जाऊ शकत नाही. खरं सांगू, त्याचं मला बरंच वाटतं. आता कुणी मला विचारत नाही की पुढे जायचं का.

तू आलास की दचकू नकोस, म्हणून आधीच सांगून ठेवते. ते पुढच्या खोलीत असतात, खिडकीजवळ. डोकं दोन उशांमध्ये. चेहरा बारीक झालाय, डोळे मोठे दिसतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा दाराबाहेर जाऊन रडायचं नाही, पावलं ऐकून त्यांना कळतं. रडायचं तर समोर बसून रड.

बोलणं पूर्ण गेलंय. जूनच्या शेवटापासून मलाही समजत नाही. हो म्हणायचं असलं की डोळे मिटतात, नाही असलं की उघडे ठेवतात. हे ठरवल्यावर मी त्यांना पहिल्यांदा त्या 'वळव'बद्दल काय विचारलं असेल, तुझ्या लक्षात येईल. त्यांनी डोळे उघडेच ठेवले. पण कितीतरी वेळ उघडे ठेवले, मग पाणी यायला लागलं आणि मिटले. आता ते नाही होतं की हो, मी पुन्हा विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

तू येतोयस हे सांगितलं तेव्हा मात्र लगेच मिटले. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा मिटले.

ये. काही आणू नकोस. त्यांच्याजवळ खुर्ची ओढ आणि बोल. खाणीतलं सांग, डंपरचं सांग, तिथे कोण कसं चालवतं ते सांग, चुकीची मापं सांग म्हणजे त्यांना राग येईल. पूर्वी तू एक बोललास की ते दोन बोलायचे आणि मग मला भांडी आपटावी लागायची. आता तसं होणार नाही. तुला एकट्यालाच बोलावं लागेल, त्यांच्या वाटचंही. ते जमेल का तुला, मला माहीत नाही. मला अजून जमलेलं नाही. पण गप्प बसू नकोस. ऐकू त्यांना सगळं येतं.

वहिनी